दुसरी पिशवी

जेवणाच्या टेबलावर मांडलेली ताटे लवू घाडी यांनी उचलायला लावली आणि त्या जागी भवानी मंडई मांडली.

मांडणी एकास पन्नास या प्रमाणात होती. मोठ्या फाटकासाठी काडेपेटीची दोन खोकी, भाजीच्या गाळ्यांसाठी लाकडी ठोकळे, मागच्या भिंतीसाठी पोलादी फूटपट्टी. आणि खंडू साळवे जिथे छत्र्या दुरुस्त करायला बसत, तिथे शिवणकामातले एक अंगुस्तान. धाकू नारळवाल्याच्या गाळ्याच्या जागी त्यांनी सुपारी ठेवली. ती ठेवताना त्यांचा हात गेली एकोणीस वर्षे क्षणभर थांबत आला होता, आजही थांबला. धाकू त्यांच्या गावचा, त्यांच्याच वाडीतला. मंडईतल्या बॉम्बस्फोटानंतर त्याची ओळख पटवायला लवूअण्णाच गेले होते.

"आधी निवेदन, मग जेवण," त्यांनी जाहीर केले. "एकूण पृष्ठे दोनशे बारा. मी फक्त निष्कर्ष वाचणार आहे. एक्केचाळीस."

"एक्केचाळीस निष्कर्ष?" देवेशने धास्तावून विचारले.

"पृष्ठे. निष्कर्ष सदुसष्ट आहेत."

देवेशने स्वयंपाकघराच्या दिशेने एक दीर्घ श्वास घेतला. तिथून कोंबडीच्या रश्श्याचा, तळलेल्या सरंग्याचा आणि नुकत्याच उतरलेल्या वड्यांचा वास येत होता. आषाढातली अमावास्या यंदा रविवारी आली होती. उद्या सोमवारी श्रावण लागला की गणपती जाईपर्यंत घाडींच्या मरोळच्या घरात मासळीचा काटासुद्धा येत नसे. हा नवस लवूअण्णांच्या वडिलांनी गिरण्यांच्या संपाच्या वर्षी बोललेला. वडील गेले, गिरणी गेली, पण नवसाची राखण करायला थोरली बहीण सुंदराबाई एक्क्याऐंशीव्या वर्षीही खुर्चीत ताठ बसलेल्या होत्या. त्यामुळे या अमावास्येचे जेवण म्हणजे दीड महिन्याची बेगमी, आणि ते लांबवणे म्हणजे देवेशच्या मते मानवी हक्कांचे उल्लंघन.

"बाबा, अहवालाची फेरतपासणी करणारी समिती उद्या पाचपर्यंत निवेदनं घेणार आहे. ते वाचतील ना. आम्ही कशाला?"

"मोजमाप दुसऱ्याकडून तपासून घेतल्याशिवाय मी कधी काही बाहेर दिलेले नाही. टूलरूममध्येही नाही."

लवूअण्णांनी तंत्रनिकेतनातून पदविका घेतली होती आणि मरोळच्या औद्योगिक वसाहतीत चौतीस वर्षे साचे कापले होते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर त्यांचा विश्वास होता. सरकारी अहवालावर नव्हता. भवानी मंडईत स्फोट झाला, अकरा माणसे गेली, दोन आरोपींना शिक्षा झाली. एवढे त्यांना मान्य होते. पुढचे नव्हते. अहवालाच्या त्यांच्या प्रतीत प्रत्येक ओळीसमोर लाल शाईचे प्रश्नचिन्ह होते. वेळ, वारा, गाळ्यांचा क्रम, पंचनाम्यातील भिंतीची उंची, सर्वच संशयास्पद. साऱ्या अहवालात हिरव्या शाईची एकच खूण होती, पृष्ठ अठ्ठ्याऐंशीवर, आणि तिच्या शेजारी त्यांच्या सुबक अक्षरात एक शब्द: 'योग्य'.

*

स्वयंपाकघरात मालनताईंनी रश्श्याचे झाकण चौथ्यांदा उचलले. रश्श्याला काहीही झालेले नव्हते.

"आई, आज सांगा," ऋता हळूच म्हणाली. "आत्ताच सांगा. उद्या पाचला खिडकी बंद होणार."

"जेवणं होऊ देत. मग सांगते."

"तीन आठवडे तुम्ही जेवणं झाल्यावरच सांगताय."

ऋता या घरची सून. सासऱ्यांची दोनशे बारा पृष्ठे तिनेच संगणकावर उतरवली होती आणि त्या मोबदल्यात तिला पाठदुखी व एक गुपित मिळाले होते. तीन आठवड्यांपूर्वी माहितीच्या अधिकारात अहवालाचे परिशिष्ट आले. त्यात स्फोटानंतर मंडईत सापडलेल्या दुसऱ्या, संशयित पिशवीचे, म्हणजे तिच्या उरलेल्या एका पट्टीचे, मोठे छायाचित्र होते. जुन्या छत्रीचे काळे कापड, निळ्या धाग्याची दुहेरी शिवण. टंकलेखन करताना ऋताची नजर सहज वर गेली. स्वयंपाकघराच्या दारामागे कांद्यांची पिशवी लटकत होती: काळे कापड, निळा धागा, दुहेरी शिवण. तिने मागे वळून पाहिले तर सासूबाई तेच छायाचित्र पाहत उभ्या होत्या आणि त्यांच्या हातातला चहा कपातून बशीत सांडत होता.

छायाचित्रातली पिशवीही मालनताईंचीच होती, आणि तिच्यात बॉम्ब नव्हता. सुकट होती.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या श्रावणात मंडईच्या मागच्या बोळात एक बाई टोपली झाकून सुकट विकत असे. मालनताईंनी ती घेतली, पिशवी मागच्या भिंतीशी ठेवली आणि धाकूकडे नारळ आणायला गेल्या. त्यानंतर जे झाले त्यात ती पिशवी कुठे गेली, हे त्यांनी स्वतःला कधी विचारले नव्हते. वर्तमानपत्रांनी छापले की दुसरा बॉम्ब सापडला, पथकाने पाण्याचा मारा करून निकामी केला, छत्रीवाल्याला अटक झाली. मंडईत पिशव्या काय थोड्या असतात, असे त्या मनाशी म्हणाल्या. तरी मनात पाल चुकचुकली होती. चौदा महिने चुकचुकत होती. खंडू सुटून आला तेव्हा कुठे गप्प झाली.

"आत्यांना घाबरता ना?" ऋताने विचारले.

"वन्संना? छे गं." मालनताईंनी झाकण पाचव्यांदा उचलले. "माझं मला कळेना झालंय, कोणाला घाबरते ते."

"काय गे, काय कुजबुजतास दोघी?" दारात काठी टेकवून सुंदराबाई उभ्या होत्या.

"काही नाही वन्सं, मीठ बघत होते."

सुंदराबाईंनी दोघींकडे पाहिले, मग दारामागच्या पिशवीकडे पाहिले. पिशवीत हात घालून त्यांनी एक कांदा काढला, तो निरखला आणि परत आत टाकला.

"मीठ बराबर आसा," रश्श्याची चव न घेताच त्या म्हणाल्या, आणि काठी आपटत परत गेल्या.

*

खंडू साळवे बरोबर साडेबाराला आले. सत्तरी गाठलेला किडकिडीत माणूस, हातात स्वतः दुरुस्त केलेली छत्री. निवेदनातील अंतरे तपासण्यासाठी लवूअण्णांनी त्यांना मुद्दाम बोलावले होते. त्यांनी चष्मा पुसून टेबलावरच्या मंडईची पाहणी केली.

"मी कुठाय यात?"

"हे," लवूअण्णांनी अंगुस्तानाकडे बोट दाखवले.

"टोपडं घालून बसवलंय की मला! आणि फौजदार कुठाय?"

"तो प्रमाणात बसत नाही."

"तो तेव्हाही बसत नव्हता, अण्णा," खंडू म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. "मला तुमचे सदुसष्ट निष्कर्ष नकोत. मला एक वाक्य हवंय. 'साळवे यांचा सहभाग पूर्णतः नाकारता येत नाही.' हे खोडा, बस्स. चौदा महिने आत काढले, पुराव्याअभावी सोडलं, ठीक. पण दर पंधरा ऑगस्टच्या आधी चौकीवर हजेरीला बोलावतात, ते याच वाक्यावर. परवा पुन्हा शिपाई येऊन गेला. नात दारात होती. विचारते, आजोबा, तुम्ही झेंडावंदनाला जाता का?"

स्वयंपाकघरात वड्यांच्या परातीवर झाकण ठेवण्याचा आवाज गरजेपेक्षा मोठा झाला.

"तेच करतो आहे," लवूअण्णा म्हणाले, "पण शास्त्रीय पद्धतीने. निष्कर्ष एक."

निष्कर्ष एक ते तीस यांत वारा, छपराचा उतार आणि फाटकाची रुंदी संपली. देवेशने दरम्यान दोनदा पाणी आणण्याच्या निमित्ताने आत जाऊन सरंग्याची एक तुकडी गायब केली. दुसऱ्या वेळी सुंदराबाईंनी काठी आडवी केली; त्याने तुकडीचा अर्धा भाग मोडून आत्याला दिला आणि काठी सरळ झाली.

"निष्कर्ष एकतीस: पिशवी." लवूअण्णांचा आवाज चढला, इथून त्यांची खरी कामगिरी सुरू होत होती. "अहवाल म्हणतो, दुसरी पिशवी साळवे यांनी ठेवली. मी म्हणतो, नाही. ती तिसऱ्या माणसाने ठेवली. पुरावा: परिशिष्टातील छायाचित्र. मी भिंगाखाली टाके मोजले. इंचाला बारा. आणि दर चोविसावा टाका इतरांच्या दुप्पट लांब. एकूण पाच वेळा. हा योगायोग असू शकत नाही. हा संकेत आहे."

"कसला संकेत?" देवेश म्हणाला.

"चोवीस."

"म्हणजे तास?"

"तास, अक्षांश, तुकडीचा क्रमांक, शक्यता परिशिष्ट ग मध्ये दिल्या आहेत. असे काम साध्या शिंप्याचे नव्हे. यामागे प्रशिक्षण आहे, शिस्त आहे, बहुधा परदेशी यंत्रसामग्री आहे."

स्वयंपाकघराच्या दारात ऋताला एकाएकी जोराचा खोकला आला.

"अण्णा," खंडू शांतपणे म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. पिशवीत सुकट होती. माझ्या पाठीमागे भिंतीशी कोणीतरी ठेवून गेलं. वास सुटला, म्हणून मी ती उचलून दोन हात पलीकडे ठेवली. ते कोणीतरी बघितलं. एवढंच झालं. आत रोज विचारायचे, पिशवीत काय होतं? मी रोज सांगायचो, सुकट. रोज मार."

"खंडूभाऊ, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. नाकाची चूक होऊ शकते." लवूअण्णांनी अहवाल उघडला. "या मुद्द्यावर मात्र मला अहवालाशी सहमत व्हावे लागते. पृष्ठ अठ्ठ्याऐंशी. ऐका. 'पिशवीतील द्रव्य तपकिरी, तंतुमय व उग्र दर्पाचे होते. तथापि पाण्याच्या माऱ्यात नमुना वाहून गेल्याने विश्लेषण होऊ शकले नाही. ते सुकी मासळी असल्याचे साळवे यांचे म्हणणे स्वीकारता येत नाही, कारण घटना श्रावण महिन्यातील असून त्या काळात सदर वस्तीत अशी खरेदी संभवत नाही.' साऱ्या अहवालात तर्कशुद्ध असे हे एकच वाक्य आहे."

हिरवी खूण सर्वांना दिसेल अशी त्यांनी प्रत फिरवली.

तेव्हा मालनताई बाहेर आल्या. त्यांच्या हातात कांद्यांची पिशवी होती. त्यांनी ती टेबलावर उलटी केली.

कांदे भवानी मंडईभर घरंगळले. फाटक पडले, भाजीचे गाळे आडवे झाले, अंगुस्तान देवेशच्या मांडीत उडाले. सुपारी तेवढी जागची हलली नाही.

"मोजा," मालनताई म्हणाल्या आणि रिकामी पिशवी त्यांनी नवऱ्यापुढे ठेवली.

"हे काय चालले आहे?"

"टाके मोजा म्हणते. भिंग आहे ना?"

*

लवूअण्णांनी मोजले. बोटाने एकेक टाका पुढे सरकवत, ओठ न हलवता, चौतीस वर्षांच्या सवयीने. तेवीस टाके सारखे आले. चोविसावा लांब. त्यांनी पुढे मोजले. तेवीस. लांब. आणखी एकदा. मग त्यांनी भिंग खाली ठेवले, आणि खोलीत कोणालाच ठाऊक नसलेली एक गोष्ट त्यांना आठवली.

मालनच्या शिलाई यंत्रातले चोवीस दातांचे चक्र झिजले होते. बाजारात मिळेना, म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ते टूलरूममध्ये पितळेत कापले. शेवटच्या दाताला कानस घसरली आणि तो आखूड झाला. दुसरे कापायला हवे होते. भोंगा झाला आणि त्यांनी तेच आणून बसवले. टाका चुकतोय, असे मालन म्हणाली तेव्हा त्यांनी सांगितले होते, यंत्र जुने झाले आहे. ते यंत्र जुने झालेले नव्हते. ज्या शिस्तीला आणि परदेशी यंत्रसामग्रीला त्यांनी चौदा पृष्ठे दिली होती, ती त्यांचीच घसरलेली कानस होती.

"हा संकेत नाही," ते म्हणाले. इतक्या हळू की देवेशला पुढे वाकावे लागले. "हा माझा दात आहे."

"बाबांना पाणी द्या कोणीतरी," देवेश म्हणाला.

"चक्राचा दात. मी कापलेला. चुकलेला." त्यांनी वर पाहिले. "मालन, म्हणजे ती पिशवी..."

"माझी. सुकट होती तिच्यात. खंडूभाऊ खरं बोलत होते."

"श्रावणात?" लवूअण्णांच्या तोंडून निघाले.

"झालं! एवढंच ऐकू आलं तुम्हाला?" मालनताईंचा आवाज फाटला. "धाकूनेही हेच विचारलं होतं. पिशवी भिंतीशी ठेवूनच गेले होते त्याच्याकडे. गावात जाऊन सांगेल म्हणून भीती. तरी हातांना वास होताच. नारळ निवडायला गेले तर हसायला लागला मेला. म्हणतो, 'वहिनी, श्रावणात हाताक वास कसलो येता गे? लवूक सांगू?' मला इतकी लाज वाटली, मी नारळ न घेता मागच्या फाटकातून निघाले. पिशवीही विसरले. पिठाच्या गिरणीपर्यंत पोचले आणि मागे..." त्या थांबल्या. "तो हसला नसता तर मी तिथेच उभी होते. त्याच्या गाळ्यापुढे."

लवूअण्णांचा हात सुपारीवर गेला. एकोणीस वर्षांत धाकू हसताना त्यांच्या डोळ्यांपुढे कधी आला नव्हता. आला तो ओळख पटवताना पाहिलेल्या रूपातच. आता आला. 'लवूक सांगू?'

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"काय सांगू? तुमच्या वडिलांचा नवस मोडला म्हणून? त्या घरात मी काय सांगू?"

लवूअण्णा काही बोलणार, एवढ्यात काठी तीनदा जमिनीवर आपटली.

"तिका कित्याक बोलतंस?" सुंदराबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "सुकट माका होई होती. त्या श्रावणात माका ताप होतो. बारा दिवस तोंडाक चव नाय. मीच तिका सांगितलंय, गुपचूप थोडी आण, चटणी कर. देवाक मी सांभाळून घेतंय."

देवेशच्या मांडीतले अंगुस्तान जमिनीवर पडून घरंगळत गेले.

"आत्या," देवेश म्हणाला, "तुम्ही? मी दहावीत अंडं खाल्लं तर तुम्ही मला गॅलरीत बसवून जेवायला घातलं होतं!"

"अंडा उघड्यावर खाल्लंस तू. मेल्या, अक्कल नको?"

ऋताने पदर तोंडावर धरला. मालनताईंनी नणंदेकडे पाहिले. एकोणीस वर्षे त्या हीच सुटका मागत होत्या, आणि ती अशी काठी आपटत येईल असे त्यांना वाटले नव्हते. पण हसू अर्ध्यावरच राहिले. खंडू साळवे हसत नव्हते.

"चौदा महिने, वहिनी," ते म्हणाले.

मालनताई त्यांच्यासमोर बसल्या. "मला नक्की ठाऊक नव्हतं, खंडूभाऊ. तीन आठवड्यांपूर्वी तो फोटो आला तेव्हा कळलं. पण तेव्हा... शंका आली होती. नाही म्हणत नाही. मी ती दाबली."

"शंका आल्यावर यायचं होतं चौकीवर. पिशवी माझी, एवढं म्हणायचं होतं. तुमचं ऐकलं असतं त्यांनी. माझं ऐकलं नाही." त्यांनी घरंगळत आलेला एक कांदा टेबलाच्या कडेवरून मागे ढकलला. "माफ केलं, असं मी म्हणणार नाही. अजून नाही. पण आता लिहा. नाव घालून लिहा."

"एक मिनिट," देवेश म्हणाला. "नाव घालून? बाबा, हे समितीच्या संकेतस्थळावर चढणार. गावचं मंडळ वाचणार. 'घाडींच्या घरी श्रावणात सुकट.' वाट लागेल आपली. दुसरा काही मार्ग नाही का? म्हणजे, एखाद्या अज्ञात महिलेची..."

"अज्ञात?" सुंदराबाई कडाडल्या. "माझा नाव घाल. पूर्ण घाल. सुंदराबाई गोविंद घाडी. मंडळाक काय सांगूचा ता मी सांगतंय."

आणि तेव्हा घरातली सगळी मते एका बाजूला झाली. देवेश एकटा उरला, आणि तोही भुकेला.

लवूअण्णा अजून बसलेच होते. त्यांच्यापुढे दोनशे बारा पृष्ठे होती. त्यांतला तिसरा माणूस होता, ज्याला ते एकोणीस वर्षे शोधत होते, कारण धाकूचा हिशेब दोन माणसांवर संपतो हे त्यांना पटत नव्हते. आता कळत होते की तिसरे कोणी नव्हतेच. स्वतःची बायको होती, बहीण होती, आणि एक आखूड दात होता. सगळ्या अहवालावर त्यांनी शंका घेतली होती, फक्त त्या एका वाक्यावर घेतली नव्हती, कारण ते वाक्य त्यांच्याच घरातले होते.

त्यांनी लाल लेखणीचे टोपण काढले. हिरव्या खुणेवर एक सरळ रेघ मारली. 'योग्य' हा शब्द खोडला. त्या जागी प्रश्नचिन्ह काढले, इतरांपेक्षा थोडे मोठे.

"सूनबाई," ते म्हणाले, "कोरा कागद. एकच."

"आणि ही दोनशे बारा?"

"टेबल डुगडुगते आहे. डाव्या पायाखाली बरोबर बसतील."

"बाबा, आता तरी जेवूया?" देवेश म्हणाला.

"आधी निवेदन, मग जेवण," हे मात्र खंडू साळवे म्हणाले.

लिहिताना चार वेळा वाद झाला. लवूअण्णांना 'उक्त पिशवी' हवे होते. मालनताई म्हणाल्या, सरळ 'माझी पिशवी' लिहा. वजनापाशी मालनताईंनी 'पाव किलो' सांगितले.

"पाव नाय, अर्धो," सुंदराबाईंनी दुरुस्ती केली. "खोटा लिवा नको. सरकारी कागद आसा."

*

सोमवारी, श्रावणाच्या पहिल्या दिवशी, दुपारी तीन वाजता पाच माणसे समितीच्या कार्यालयाच्या फाटकाशी उतरली. देवेश टॅक्सीच्या चारही काचा खाली करून आला होता, आणि चालकाने तरीही दोनदा मागे वळून पाहिले होते.

कारण लवूअण्णांनी निवेदनाला जोडपत्रे जोडली होती. जोडपत्र एक: घरातील पिशवी. जोडपत्र दोन: यंत्रातून काढलेले पितळी चक्र, आखूड दाताभोवती लाल धागा बांधून. जोडपत्र तीन: तुलनेसाठी नमुना, अर्धा किलो, सकाळी सुंदराबाईंनी स्वतः निवडून आणवलेला. उरलेली दोन्ही जोडपत्रे जोडपत्र एकमध्ये, म्हणजे पिशवीत, होती आणि पिशवी मालनताईंच्या हातात होती. खंडू साळव्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते.

"धरता का जरा?" देवेशने गमतीने विचारले.

"बोलावलंत म्हणून आलो," खंडू म्हणाले. "पिशवीला हात लावणार नाही."

फाटकावरच्या तपासणी यंत्राने पितळी चक्रापाशी आवाज केला. सुरक्षारक्षक तिशीचा, मिशा नीट कापलेला तरुण होता. त्याने पिशवीचे तोंड उघडले, आत वाकला आणि झटकन मागे सरला.

"काय आहे हे?"

"सुकट," मालनताई म्हणाल्या.

तो चक्रावून एकेकाकडे पाहू लागला: ताठ उभी म्हातारी, हात बांधलेला म्हातारा, कागद छातीशी धरलेले आजोबा. "आज? अहो, आज श्रावण लागला!"

"बघा," खंडू लवूअण्णांना म्हणाले, "अजून तेच विचारतात."

"कोणाची पिशवी ही?"

"माझी," मालनताई म्हणाल्या. आवाज इतका मोठा निघाला की रांगेतली माणसे वळली. कोणीतरी हसले. त्यांना लाज वाटली नाही.

रक्षकाने नाकावर रुमाल धरला आणि बाजूच्या भिंतीकडे बोट केले. "बरं, बरं. तिथे ठेवा भिंतीशी आणि आत जा. येताना घ्या."

मालनताईंनी भिंतीकडे पाहिले. मग खंडू साळव्यांकडे. मग पिशवीचे दोन्ही बंद त्यांनी मनगटाला गुंडाळले.

"नाही ठेवणार," त्या म्हणाल्या. "मी असेन तिथे ती असेल."